साबणाची जाहिरात

चेंदणीच्या घरात, देव्हाऱ्याच्या डाव्या अंगाला
पदीबायची तसबीर आहे.
बाबांची आत्या. तेव्हा एकोणीसची असेल.
कानात बुगड्या, अंबाड्याला अबोली,
नजर जराशी तिरपी,
जशी तिची उभ्या जन्मात कधी नव्हती.
फोटो नाही, छापील चित्र. बाकीचे रंग विटले,
ओठांचा लाल तेवढा अजून हट्टाने टिकून.

साल त्रेचाळीस. खाडीपलीकडे लष्कराचे तंबू,
बाजारात सोजीर, म्हावऱ्याला दुप्पट भाव.
उथळसरहून खोपकर पेंटर आला. म्हणाला,
तीन दिवस बसायचं, दिवसाचे दोन रुपये,
साबणाची जाहिरात आहे.
ती बसली.
चौथ्या दिवशी पाटी पुन्हा डोक्यावर.

त्याच थंडीत मासुंद्याच्या काठी
सरकारी मोटार आली, दोन बांबूंना पडदा लागला.
पडद्यावर डास: अंगात शत्रूचा गणवेश, पुढे आलेले दात.
भोंग्यातून आवाज, साचलेलं पाणी म्हणजे फितुरी!
बाबा सात वर्षांचे, काकांच्या खांद्यावर.
आज नव्वदीला टेकलेत,
तरी दर शनिवारी करवंट्या पालथ्या घालतात,
कुंड्यांखालच्या बशा, एसीचं ठिबकणं, सगळं तपासतात.
फितुरी, म्हणतात, आणि बोळक्याने हसतात.
त्या साली आळीत थंडीतापाने माणसं कमी गेली म्हणे.
गेली असतील. मी आरोग्य खात्यात तीस वर्षं काढली,
हे मला नाकारता येत नाही.

चित्र घरी आलं ते कँटीनमधल्या गणपाच्या हातून.
अगो पदे, तुजा फोटू पल्टनीत लावलाय, भिंतीभिंतीला!
आळीभर पेढे वाटले.
फ्रेमवाल्याकडे काच आखूड पडली,
म्हणून खालची पट्टी कापली,
असं आमच्याकडे सांगतात.

गेल्या वर्षी वाळवी लागली, तसबीर उघडली.
कागदाच्या कडेला, चौकटीत दडलेली,
एक काळी आडवी रेघ. शिरोरेषा.
तिच्यावर दोन वेलांट्या, मध्ये एक मात्रा.
रेघेखालची अक्षरं नाहीत.
महिनाभर मी त्या रेघेला अक्षरं टांगून पाहिली,
बसमध्ये, मीटिंगमध्ये, भाजी निवडताना.
मग कचेरीच्या जुन्या गोदामात, पावडरच्या पिंपांमागे,
गुंडाळीत सापडली ती अख्खी,
तीच अबोली, त्याच बुगड्या, आणि खाली मराठी शिपायांसाठी
ठसठशीत:
ही हसेल. तू सडशील.

बाबांना सांगितलं नाही. फक्त विचारलं,
काच खरंच आखूड होती?
ते करवंटी हातात घेऊन बराच वेळ बसले.
काच पुरेशी होती, म्हणाले.
कोयती तिचीच होती.
मग चेहरा का ठेवला?
तर म्हणे, ती बोलायची,
त्वांड माजा हाय. लिवलेला त्यांचा.

यंदा डेंग्यूचं पोस्टर करायचं होतं.
एजन्सीचा मुलगा आला, कौस्तुभ, चुणचुणीत.
मॅडम, बादली कोण बघतं? एक बाई टाकूया, लोक थांबतात.
स्क्रीनवर बाई हसली.
मी विचारलं, हिला विचारलंय?
तो म्हणाला, ही कुणीच नाही मॅडम, मशीनने बनवलीय.
नजर अजून थोडी तिरपी करू?

तिच्या कानात बुगड्या होत्या.

मी फाइलवर लिहिलं: बादली घ्यावी. पालथी.
कारण लिहिण्याचा रकाना होता.
तो कोराच ठेवून सही केली,
आणि कळव्याच्या पुलावर वाऱ्याला उभी राहिले.
खाली ओहोटीचा चिखल,
त्यात जागोजाग
थोडं थोडं साचलेलं पाणी.